बेरीज वर, तपशील खाली

चंडीगडला बदली झाली तेव्हा गावाकडून पहिला प्रश्न आला, "पत्ता काय?" मी म्हटलं, "सेक्टर ४३." पलीकडून विचारलं, "अहो, ते झालं, पण गल्ली, आळी, पेठ?" तर मित्रहो, इथे पेठ नाही आणि आळीही नाही. इथे नंबर आहे. घराला नंबर, सेक्टरला नंबर, रस्त्याला नंबर. सगळं शहरच एक यादी आहे, आणि त्या यादीत १३ हा आकडा आखणी करणाऱ्यांनी मुळात घेतलाच नव्हता. १२ नंतर थेट १४. शेवटी २०२० मध्ये मनीमाजऱ्याला सेक्टर १३ असं नाव देऊन ती रिकामी जागा भरली.

आमचा सेक्टर दुसऱ्या टप्प्यातला, म्हणजे ३१ ते ४७ या दाट वस्तीच्या सेक्टरांपैकी. बाहेरच्या माणसाला तो दोन गोष्टींसाठी माहीत असतो. एक बस अड्डा, जिथून अमृतसर, जम्मू, शिमला, मनालीकडच्या गाड्या सुटतात. दुसरी जिल्हा न्यायालयं, जी आधी सेक्टर १७ मध्ये होती. दोन्ही ठिकाणी माणूस आधी काय करतो? मान वर करून यादी वाचतो. अड्ड्यावर गाड्यांची यादी आणि कोर्टात त्या दिवशीच्या खटल्यांची. आपल्याकडे वकील मंडळी विचारतात तसंच इथेही चालतं, "आज बोर्डावर कितव्या नंबरला आहे?" नंबर तिसरा असेल तर माणूस जागेवरून हलत नाही, साठावा असेल तर चहाला जातो. खटल्याचं काय होणार ते न्यायाधीश ठरवतील, पण दिवस कसा जाणार ते यादी ठरवते.

मी पेशाने फौजेतला क्लार्क, म्हणजे पलटणीच्या भाषेत 'बाबू'. बंदूक चालवतो, पण रोजची भाकरी यादीवर चालते. नॉमिनल रोल, सुट्टीची यादी, किटची यादी, प्रमोशनची यादी, गार्डची यादी. त्यामुळे या पोस्टिंगमध्ये ठरवलं की एक लेख यादीवरच लिहायचा. यादी ही आपल्या इतिहासातली साधी चीज नाही. तिच्यावर राज्यं चालली आहेत आणि तिच्यात नाव नसल्यामुळे माणसं हरवलीही आहेत.

सबनीस नावाचा माणूस

शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर कारभार एका माणसाच्या हातात नसे. हवालदार, सरनौबत आणि सबनीस असे तीन अधिकारी बरोबरीच्या नात्याने असत, म्हणजे एकटा फितूर झाला तरी किल्ला जाणार नाही. दाणागोटा आणि सामानसुमान बघायला कारखानीस वेगळा. यातल्या सबनिसाचं काम काय, तर हजेरी आणि हिशेब. गडावर कोण आहे, कोण गेलं, कोणाला किती द्यायचं, हे त्याच्या वहीत. आजच्या भाषेत सांगायचं तर मी सबनिसाच्या गादीवर बसलोय आणि माझ्या बाहीवर हवालदाराच्या पट्ट्या आहेत. गंमत अशी, की हवालदार हे पद फौजेत जिवंत राहिलं आणि सबनीस मात्र आडनाव होऊन घराघरांत गेला.

हा 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस, वाकनीस, कारखानीस. एका समाजात लिहिणाऱ्यांची इतकी आडनावं असावीत, यावरूनच लक्षात येतं की ते राज्य नुसतं तलवारीवर उभं नव्हतं. चेहरेपट्टी हा शब्दही त्याच वहीतला. आज आपण नाकाडोळ्याच्या ठेवणीला चेहरेपट्टी म्हणतो. पण जुन्या लष्करात शिपायाच्या ओळखखुणा लिहिलेली नोंद म्हणजे चेहरेपट्टी. मोगलांकडे घोड्याला डाग आणि माणसाचा 'चेहरा' लिहून घेण्याची रीत होती. हेतू एकच, की हजेरीच्या दिवशी भाड्याने आणलेला माणूस आणि उसनवारीचा घोडा उभा करून कोणी पगार उचलू नये. आजही आमच्या कागदांत ओळखखुणेचा रकाना असतो. 'डाव्या भुवईवर व्रण', 'उजव्या मनगटावर तीळ'.

झाडा आणि झडती

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला जी बखर लिहिली, तिच्यात फौजेच्या शिस्तीचा एक भाग आहे. मला तो फार आवडतो, कारण तो माझ्या धंद्याचा आहे. रीत अशी. पावसाळ्यात लष्कर छावणीत. दसऱ्याला बाहेर पडायचं आणि आठ महिने परमुलखात राहायचं. निघताना लहानथोर प्रत्येकाजवळच्या मालमत्तेचा झाडा घ्यायचा, म्हणजे कोणाकडे काय आहे त्याची बारकाईने यादी करायची. वैशाखात परतल्यावर प्रत्येकाची झडती घ्यायची आणि ती जुन्या झाड्याशी ताडून बघायची. जास्त निघेल ते सरकारात जमा, नाहीतर त्याची किंमत पगारातून वजा. लपवलं तर शिक्षा.

आपण 'झाडाझडती' हा शब्द रोज वापरतो. साहेबांनी झाडाझडती घेतली म्हणजे खरडपट्टी काढली, असा त्याचा अर्थ झाला आहे. मुळात ती दोन वेगळी कामं आहेत. झाडा म्हणजे यादी, झडती म्हणजे तपास. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. नुसती झडती घेतली आणि आधीचा झाडा नसेल, तर सापडलेली सोन्याची कडी आजीने दिलेली की लुटीची हे कसं ठरवणार? आणि नुसता झाडा करून ठेवला, परतल्यावर कोणी बघितलंच नाही, तर तो कागद वाळवीसाठी.

हे नीट बघितलं की लक्षात येतं, यादीची खरी ताकद एका यादीत नसते. ती दोन याद्या शेजारी ठेवण्यात असते. निघतानाची आणि परततानाची. यातून तीन गट पडतात. दोन्हीत असलेलं, फक्त पहिल्यात असलेलं आणि फक्त दुसऱ्यात असलेलं. फक्त पहिल्यात असलेलं म्हणजे हरवलेलं. फक्त दुसऱ्यात असलेलं म्हणजे आणलेलं. संगणकावर काम करणारी पोरं हेच दिवसभर करतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्सवर 'डिफ' नावाचा छोटा प्रोग्राम झाला. दोन फाइली द्या, फरकाच्या ओळी दाखवतो. आज जगभरातले प्रोग्रामर कोणी काय बदललं ते त्याच पद्धतीने तपासतात. झाडाझडतीच ती, फक्त वैशाखाची वाट बघावी लागत नाही.

यात आणखी एक बाजू आहे, आणि ती फौजेतल्या माणसाला लगेच कळते. झाडा शिपायाच्या विरोधातच असतो असं नाही. तो त्याच्या बाजूनेही असतो. जे आधीपासून माझं होतं ते माझंच, याचा पुरावा त्याच कागदावर आहे. रयतेचं रक्षण आणि शिपायाची इभ्रत, दोन्ही एका यादीने साधलं.

यादी लिहायची कशी

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड छापून घेतले. हे कागद चाळताना आज आपल्याला चमत्कारिक वाटणारी एक गोष्ट दिसते. आपण बेरीज खाली लिहितो. जुन्या हिशेबात पुष्कळदा बेरीज वर असते आणि तिच्या खाली तपशील. आधी सांगायचं, एकूण इतके. मग 'पैकी', आणि पैकीच्या खाली शेजारी शेजारी पोटभाग. प्रत्येक पोटभागाची स्वतःची रक्कम, आणि तिच्याखाली पुन्हा तपशील. मथळ्याची रेघ जेवढी लांब ओढली असेल तेवढ्या रुंदीतली कलमं त्या मथळ्याची. फारसी सियाक पद्धतीच्या हिशेबातही मथळ्याचा शब्द असाच लांब ताणत. त्या ताणण्याला 'मद्द' म्हणतात, आणि हिंदीत खर्चाच्या सदराला आजही 'मद' म्हणतात. इथे उत्तरेत कोणत्याही सरकारी कागदावर 'किस मद में' हा प्रश्न असतोच.

म्हणजे ती यादी सरळ खाली जाणारी शिडी नव्हती. ते उलटं झाड होतं. वर खोड, खाली फांद्या, त्याखाली डहाळ्या. साहेबाला घाई असेल तर त्याने वरची एक ओळ वाचावी. संशय असेल तर एक पायरी खाली उतरावं. फारच संशय असेल तर शेवटच्या पानापर्यंत जावं. आज संगणकावर फोल्डरच्या पोटात फोल्डर उघडत आपण जातो ते याहून वेगळं नाही. यासाठी मराठीत शब्दही नेमके आहेत. एकेक नोंद म्हणजे कलम. कलमवार लिहिणं म्हणजे कलमबंदी. सगळ्याचा गोषवारा म्हणजे तेरीज. रोजचं रोज लिहिणं ती रोजकीर्द आणि तिच्यातून खात्याखात्याला वेगळं काढणं ती खतावणी. एकच मजकूर, एकदा तारखेने लावलेला आणि एकदा खात्याने. ज्याने खतावणी केली आहे त्याला डेटाबेस समजायला वेळ लागत नाही, हे मी आमच्या नव्या पोरांना नेहमी सांगतो.

दुसरी अडचण म्हणजे यादी कुठे संपते. कागदाच्या तळाशी दोन बोटं जागा उरली तर कोणीही तिथे एक ओळ घुसवू शकतो. म्हणून मजकूर संपला की मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरची अक्षरं प्रसिद्ध आहेत, 'मर्यादेयं विराजते'. इथे मर्यादा झाली, याच्या पुढे जे दिसेल ते आमचं नव्हे. पेशवाईत 'लेखनसीमा' असे शिक्के आले. लांब कागद दोन-तीन ताव चिकटवून केलेला असेल तर जोडावर शिक्का, म्हणजे मधला ताव बदलता येऊ नये.

आता संगणकाकडे या. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत न्यूएल, शॉ आणि सायमन यांना अशी यादी हवी होती, की जिच्यात मध्येच कलम घालता येईल आणि बाकीची कलमं सरकवावी लागणार नाहीत. त्यांनी युक्ती केली. प्रत्येक कलमाबरोबर पुढचं कलम कुठे ठेवलं आहे त्याचा पत्ता लिहायचा. कलमं स्मृतीत कुठेही विखुरलेली असोत, एकातून दुसऱ्याचा पत्ता मिळत जातो. नवं कलम घालायचं तर फक्त दोन पत्ते बदलायचे. १९५८ मध्ये जॉन मॅकार्थी यांनी याच कल्पनेवर अख्खी भाषा उभी केली. तिचं नावच लिस्प, 'लिस्ट प्रोसेसिंग'चं लघुरूप. आणि तिथेही शेवटच्या कलमाला खूण लागते, पुढे काही नाही असं सांगणारी. तिला 'निल' म्हणतात. ती नसेल तर प्रोग्राम पुढे पुढे जात भलत्याच जागेत शिरतो. मोर्तब नसलेल्या कागदाचं व्हायचं तेच.

कोण आधी, कोण नंतर

यादीत क्रम आला की भांडण आलं. दरबारात क्रम मानाचा. फौजेत क्रम सिनियॉरिटीचा. कोर्टात क्रम दाखल झाल्याचा आणि निकडीचा. शाळेत आणि आमच्या ऑफिसात मात्र अक्षरांचा. अक्षरक्रम न्याय्य वाटतो, कारण त्यात कोणी मोठा-लहान नसतो. पण अक्षरं कोणाची, हा प्रश्न राहतोच.

आमच्याकडे याद्या इंग्रजीत. त्यामुळे क्षीरसागर हा 'के'मध्ये, बऱ्यापैकी वरती. गावच्या शाळेच्या पटावर तोच क्षीरसागर सगळ्यांच्या शेवटी, कारण आपल्या वर्णमालेत ह, ळ, क्ष, ज्ञ असा शेवट. हीच यादी देवनागरीत संगणकाला दिली आणि तो नुसता युनिकोडच्या क्रमांकांवर लावत असेल, तर तिसरंच होतं. तिथे क्ष हे स्वतंत्र अक्षर नाही, क आणि ष यांची जोडणी आहे. म्हणून क्षीरसागर 'क'च्या घरात शेवटी जाऊन बसतो. ळ चा नंबर ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी आहे. त्यामुळे काळे आधी आणि कावळे नंतर. मराठी शाळेच्या हिशेबाने कावळे आधी, कारण ळ तर ह च्याही पुढे. मराठीसाठी क्रम लावायचे वेगळे नियम केलेले आहेत, पण ते लागू करायला प्रोग्रामला सांगावं लागतं. न सांगता जे येतं ते मराठी नसतं.

अक्षरांची यादी नुसती पाठ करायची नसते, ती कामाला लावायची असते, हे आपल्याला पाणिनीने दाखवलं. तो शलातुरचा, म्हणजे इथून वायव्येला, अटकेच्या परिसरातला. त्याच्या व्याकरणाच्या सुरुवातीला चौदा छोटी सूत्रं आहेत. त्यांत संस्कृतचे वर्ण आपल्या नेहमीच्या क्रमाने नाहीत. ते अशा खुबीने मांडले आहेत, की पहिला वर्ण आणि शेवटची खूण एवढं उच्चारलं की मधला सगळा गट ध्यानात यावा. 'अच्' म्हटलं की सगळे स्वर, 'हल्' म्हटलं की सगळी व्यंजनं. आणि शब्दांच्या गटांसाठी वेगळ्या याद्या, गणपाठ. गटातला पहिला शब्द घ्यायचा, पुढे 'आदि' लावायचं, झालं. आपलं 'इत्यादी' त्याच घराण्यातलं. फरक एवढाच, की पाणिनीच्या 'आदि'मागे पूर्ण यादी असते आणि आपल्या 'इत्यादी'मागे बहुतेक वेळा कंटाळा. ट्रेनिंगमध्ये आमच्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "लिस्ट में वगैरा नहीं लिखते." स्टोअरच्या यादीत 'दोर, फावडी वगैरे' असं लिहिलं, तर त्या वगैरेत काय काय गायब होईल सांगता येत नाही.

बेरीज आहे, तपशील नाही

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते.

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे, ज्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात, ते बहुतेक वाचकांना माहीत असेल. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. इंग्रज सरकारने तेव्हा महाराष्ट्रात आणि पंजाबात गावोगाव दगडी पाट्या बसवल्या. मजकूर ठरलेला असे. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. नावं नाहीत. बेरीज दगडात कोरली आणि तपशील राहून गेला.

याहून मोठा दगड इराकात आहे. ६ वी पुणे डिव्हिजन १९१५ मध्ये टायग्रिसच्या काठाने बगदादकडे निघाली, टेसिफॉनला अडली, मागे फिरली आणि कूत-अल-अमाराला वेढ्यात सापडली. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. दाणा संपला, घोडे कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यातली हजारो वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेली. या मोहिमेत ज्यांची थडगी नाहीत अशा ४० हजारांहून जास्त जणांसाठी १९२९ मध्ये बसरा स्मारक उभं राहिलं. ब्रिटिश सैनिकांची नावं भिंतीवर आली. हिंदी अधिकाऱ्यांची नावं आली. हिंदी शिपायांच्या पलटणीपुढे मात्र फक्त आकडा. अमुक पलटण, आणि इतर इतके. ज्या 'वगैरे'बद्दल उस्ताद ओरडायचे, तो इथे माणसांना लावला गेला. २०२१ मध्ये युद्धस्मशानांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने आपला अहवाल काढून या असमान वागणुकीबद्दल माफी मागितली. शंभर वर्षं गेल्यावर.

नावं लिहिली असती तर काय झालं असतं, हे बघायला आपल्याकडेच एक स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला लढाई झाली. कंपनी सरकारने नंतर तिथे जो स्तंभ उभारला त्यावर कामी आलेल्यांची नावं कोरली. ४९ नावं, त्यांतली २२ 'नाक' हा प्रत्यय असलेली, म्हणजे महार शिपायांची. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले, आम्ही लढलो आहोत म्हणून. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली आणि सुरुवातीला तिच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. त्या लढाईचा अर्थ कोणी कसाही लावो. माझ्यासारख्या बाबूला त्यातलं एक दिसतं. दगडावर नुसतं '४९' लिहिलं असतं तर त्या अर्जांना टेकू कशाचा मिळाला असता? 'नाक' या दोन अक्षरांनी शंभर वर्षांनंतर साक्ष दिली.

मी ज्या मातीत सध्या राहतो त्या पंजाबातही अशीच एक गोष्ट घडली. महायुद्ध संपल्यावर पंजाब सरकारने जिल्हावार, गाववार रजिस्टरं केली होती. कोण भरती झाला, बापाचं नाव काय, पलटण कोणती, जिवंत आला की नाही. फाळणीनंतर ती लाहोरच्या संग्रहालयात पडून राहिली. सुमारे २६ हजार पानं आणि ३ लाख २० हजार माणसांची नोंद. ब्रिटनमधल्या पंजाबी वारसा संघटनेने आणि ग्रीनिच विद्यापीठाने ती पानं संगणकावर चढवायला घेतली. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये जालंधर, लुधियाना आणि सियालकोट हे पहिले तीन जिल्हे लोकांसाठी खुले झाले. आता लंडनमध्ये किंवा कॅनडात बसलेला पणतू गावाचं नाव टाकतो आणि पणजोबा सापडतो. म्हणजे दगडावरच्या बेरजेचा तपशील होता. तो फक्त सीमेपलीकडच्या कपाटात होता, आणि कोणी खतावणी केलेली नव्हती.

एका अक्षराची किंमत

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर एक अलीकडचं सांगतो. गाव आणि नाव सांगत नाही. आमच्या ओळखीतल्या एक काकू आहेत, वय सत्तरच्या पुढे. काका फौजेतून निवृत्त होऊन वारले. कुटुंब पेन्शनचा अर्ज गेला आणि परत आला. कारण काय, तर काकांच्या सेवेच्या कागदात बायकोचं नाव एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं. एकात माहेरचं नाव, दुसऱ्यात लग्नात बदललेलं, तिसऱ्यात बदललेलंच पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' कमी. आपल्याकडे लग्नात बायकोचं नाव बदलायची रीत, ही पंजाबी किंवा मद्रासी बाबूला माहीत असायचं कारण नाही. त्याने दोन याद्या शेजारी ठेवल्या, जुळलं नाही, परत पाठवलं. त्याच्या बाजूने झडती चोख होती. झाडाच चुकीचा लिहिलेला होता, तोही पन्नास वर्षांपूर्वी, कोणीतरी घाईत.

काकू चौदा महिने फिरल्या. तहसील, नोटरी, वर्तमानपत्रातली जाहिरात, सरपंचाचा दाखला. शेवटी ही तीन नावं एकाच बाईची आहेत, असं सांगणारा कागद तयार झाला आणि मग पैसे सुरू झाले. थकबाकीही मिळाली. पण त्या चौदा महिन्यांत त्यांनी म्हैस विकली होती. ती यादीत परत आली नाही.

संगणक आल्यावर हे कमी होईल असं सगळ्यांना वाटतं. काही बाबतीत होतंही. तारखा आपोआप तपासल्या जातात, नंबर दोनदा पडत नाही. पण संगणकाला 'गायकवाड' आणि 'गायकवाड' हे एकच आहेत हे तेव्हाच कळतं, जेव्हा दोन्ही अक्षराला अक्षर सारखे लिहिलेले असतात. एकाच आडनावाची इंग्रजीत चार स्पेलिंगं झाली की त्याच्या लेखी ती चार माणसं. जुना सबनीस निदान मान वर करून समोरच्या माणसाकडे बघत असे, आणि चेहरेपट्टीवरून ओळखत असे. आता बघायचं काम आमचं आहे. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. नवा जवान आला की त्याच्या कुटुंबाची नावं मी त्याला आधी त्याच्या मातृभाषेत स्वतःच्या हाताने लिहायला लावतो. मग आधारशी ताडतो, आणि त्यानंतरच संगणकात भरतो. पोरं वैतागतात. दहा मिनिटं जास्त लागतात. लागू द्या.

या ब्लॉगचे बरेच वाचक फौजी घरातले आहेत, म्हणून शेवटी तीन कामं सांगतो. पहिलं, घरातल्या निवृत्त माणसाचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, आधार आणि बँकेचं पासबुक असे चार कागद टेबलावर शेजारी मांडा. नाव, जन्मतारीख आणि पत्नीचं नाव अक्षराला अक्षर जुळतं का बघा. न जुळलं तर तो माणूस हयात असतानाच दुरुस्तीचा अर्ज करा. तो स्वतः सही करू शकतो तोवर काम सोपं आहे. दुसरं, लग्न झालं, मूल झालं, तर युनिटमध्ये लगेच कळवून पार्ट टू ऑर्डर काढून घ्या, आणि तिची प्रत घरी ठेवा. तिसरं, आजोबा-पणजोबा कोणत्या लढाईला गेले होते एवढंच घरात सांगत असतील, तर त्यांचा नंबर, पलटण आणि पूर्ण नाव कुठे सापडतं का ते शोधा. ट्रंकेत, पदकाच्या कडेवर, जुन्या पोस्टकार्डावर. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर बहुधा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, भिंग घेऊन बघा. सापडलं तर वहीत लिहा आणि खाली तारीख टाका.

गावच्या पाटीवरचा आकडा आपण बदलू शकत नाही. त्याच्या खालचा तपशील मात्र अजून लिहिता येतो.

जय हिंद.